खटक्याला तेल

आज 16 एप्रिल. सकाळपासून बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीच्या पोस्ट फिरतायत. 1853 साल, 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी. ठाणेकर म्हणून मलाही अभिमान आहे, दरवर्षी मीही टाकते. पण आज सोसायटीच्या ग्रुपवर एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसाने खाली लिहिलं, "इंग्रजांनी रेल्वे दिली म्हणून, नाहीतर आपण अजून बैलगाडीतच असतो." त्यावर सतरा अंगठे. कुकर लावायचा होता, तो तसाच ठेवला आणि लिहायला बसले.

दिली म्हणजे काय?

माझ्या आजीचे वडील बोरघाटात सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे होते. रिव्हर्सिंग स्टेशनवर. ज्यांनी हे नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्जतहून वर चढणारी जुनी लाइन खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या अशा सोंडेवर यायची की तिथे वळण घ्यायला जागाच नव्हती. गाडी सरळ टोकापर्यंत जाऊन थांबायची. पुढे दरी. मग इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, सांधा बदलायचा आणि आली त्याच्या उलट तोंडाने गाडी वरच्या रुळावर खंडाळ्याकडे निघायची. तो सांधा बदलणारा हात आमच्या पणजोबांचा. पावसाळ्यात धुकं इतकं दाट, की आजी लहानपणी हातात कंदील घेऊन त्यांच्या मागे उभी राहायची.

1929 मध्ये नवीन लाइन झाली आणि रिव्हर्सिंग बंद पडलं. आजी तेव्हा बारा वर्षांची. ती सांगायची, शेवटची गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे वडील नेहमीसारखे उठले, तेलाची बुधली घेतली आणि सांध्याच्या खटक्याला तेल घालून आले. आईने विचारलं, आता कुणासाठी? ते काही बोलले नाहीत. क्वार्टर सोडेपर्यंत रोज जात होते म्हणे.

या माणसाला कुणी काय दिलं होतं?

ठाण्यापर्यंतची 34 किलोमीटर त्या मानाने सोपी. खरा कस घाटात लागला. खंडाळा ते पुणे गाडी 1858 मध्येच सुरू झाली होती, इकडून रूळ खोपोलीपर्यंत आले होते, पण मधला डोंगर लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचे. घाटाचं काम 1856 ला सुरू झालं, गाडी धावली 14 मे 1863 ला. जवळपास 15 मैलांत 1831 फूट चढ, 25 बोगदे, कुठे कुठे 37 फुटांमागे एक फूट. 1861 च्या जानेवारीत एका वेळी 42,000 हून जास्त मजूर त्या डोंगरात होते. कातळाला सुरुंग, वर पाऊस, पालांमधून पटकी, म्हणजे कॉलरा. माणसं पटापट गेली. 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर उठले, दंगा झाला. हे का नाही फॉरवर्ड होत?

बरं, आखणी मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांची, यंत्रं विलायतेची, मान्य. आणि त्या अ‍ॅलिस ट्रेडवेलबाई! नवरा कंत्राट घेऊन आला आणि काही आठवड्यांत गेला. बाईने परत न जाता ते कंत्राट पुरं करून घेतलं. त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण पैसा? ही लाइन बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीच्या भागधारकांना 5 टक्के परताव्याची सरकारी हमी होती, आणि कमी पडलं की भरपाई इथल्या महसुलातून. म्हणजे सारा भरणाऱ्या कुणब्याच्या घामातून. याला दिली म्हणतात?

शिंग्रोबाची गोष्ट तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घाटातली वाट त्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं सांगतात. कागद कुठे आहे म्हणून विचारू नका. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले अजून नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. मला तेवढं पुरे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आजी आठवतेय.

लहानपणी पुण्याला आत्याकडे जाताना घाटातलं मंकी हिल स्टेशन मागे पडलं की ती पदर सावरून उभी राहायची. डबाभर लोक बघायचे. हात जोडायची आणि म्हणायची, "त्या अंगाला आमचं घर." मला लाज वाटायची, मी तिला खाली ओढायचे. बस ना गं आजी, लोक बघतायत. आज त्या ओढण्याचंच वाईट वाटतं. लोकांना दख्खनच्या राणीचं कौतुक, मलाही आहे, पण ती सुरू झाली 1 जून 1930 ला. तिने रिव्हर्सिंग पाहिलंच नाही. तिच्याआधी सहासष्ट वर्षं प्रत्येक गाडी त्या टोकावर थांबून, एका माणसाच्या हातावर विश्वास ठेवून फिरली.

लाइन बंद केली ते बरोबरच होतं. वेळ जायचा, धोका होता. 2020 च्या एप्रिलमध्ये घाटातला 1830 सालचा अमृतांजन पूल पाडला, तेव्हाही कारण पटण्यासारखंच होतं, खालच्या द्रुतगती मार्गावर कोंडी व्हायची, अपघात व्हायचे. मी तरी रडले. रिव्हर्सिंगचं दगडी बांधकाम मात्र अजून उभं आहे, खंडाळ्याजवळ येता-जाता दिसतं. मागच्या महिन्यात भाच्याने गाडीतून बोट दाखवून विचारलं, "मावशी, हा कुठला किल्ला?" त्याचा काय दोष? सांगितलंय कुणी त्याला? मग मी त्याला तेलाच्या बुधलीची गोष्ट सांगितली. लोणावळा येईपर्यंत तो गप्प होता. नंतर म्हणाला, "खटका अजून असेल का गं तिथे?"

येत्या रविवारी त्याला घेऊन जातेय. पहाटे पाचला नौपाड्यातून निघू, खोपोलीवरून जुन्या रस्त्याने, आधी शिंग्रोबाला. गाडीत दोन जागा आहेत. सतरा अंगठ्यांपैकी कुणी यायला तयार असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, डबा मी आणते.