प्लेग, पन्ना आणि पडदा

1896 साली मुंबईत प्लेग आला, म्हणून आमच्या हॉलच्या खिडकीला पडदा बसत नाही.

हे मी पडद्यांच्या दुकानात बोलून दाखवलं, तेव्हा तिथल्या पोऱ्याने मला स्टूल दिलं आणि न मागता पाणीही आणलं. पण इतिहास माझ्या बाजूने आहे. प्लेगमुळे शहरातल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली आणि 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे दादर-माटुंगा त्यानेच आखलं. या ट्रस्टने उजेडाचा ध्यास घेतला होता. आकाशाचा उजेड खोलीत 63.5 अंशांच्या कोनातून उतरलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्म्याने तरी ती लांब हवी. साहेबाने एवढ्या कोनमापकानिशी घरात आणून सोडलेलं ऊन मी आता मीटरच्या भावाने कापड घेऊन बाहेर हाकलायला निघालेय.

बरं, नुसता उजेड असता तरी निभावलं असतं. आमची माटुंग्याची बिल्डिंग तीसच्या दशकातली, आणि तेव्हा आर्किटेक्ट मंडळींना बोटींचं वेड लागलेलं. गॅलरीला डेकसारखा कठडा, कोपरे गोलाकार, भिंतीला पोर्टहोल. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या असल्याच इमारतींना युनेस्कोने 2018 साली जागतिक वारसा म्हणून मान दिला. माटुंगा त्या यादीत नाही. त्यामुळे कौतुक तिकडे आणि पडद्याची कटकट इकडे, अशी वाटणी झाली आहे.

हॉलचा कोपरा म्हणजे अख्खी खिडकीच. पाव वर्तुळात वळलेली, ओळीने लाकडी झडपा. माहेरी लग्नाची बोलणी चालू असताना मी या खिडकीवर भाळले होते, हे नवरा अजून चारचौघांत सांगतो. पॅसेजमध्ये एक गोल खिडकी, मधल्या खिळीवर गरकन फिरणारी. बेडरूमला फ्रेंच दरवाजा आणि त्याच्या वर रंगीत काचांचं व्हेंटिलेटर. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी सरळमार्गी आहे, पण तिच्याखालीच गॅस. तिथे पडदा लावण्याइतकं आयुष्य मला जड झालेलं नाही.

तयार पडदे तीनच मापांत जन्माला येतात: पाच, सात आणि नऊ फूट. पाच खिडकीचा, सात दाराचा आणि नऊ ज्यांच्या घराचं छत खूप वर असतं त्यांचा. आम्हाला हवा सहाचा. पाचचा घेतला तर तो उटंगा परकर नेसून उभा राहणार, सातचा घेतला तर खालचा फूटभर दिवाणावर लोळणार. "कापून देतो ना मॅडम," असं दुकानदार म्हणतो. कापूनच घ्यायचा तर तयार कशाला घ्यायचा, हे विचारलं की तो मोबाइल बघू लागतो.

म्हणून मंगलदास मार्केट. तिथे गल्लीत शिरताना माणसाला आपल्याला काय हवंय हे ठाऊक असतं, तिसऱ्या दुकानापर्यंत ते पार पुसलं जातं. गादीवर बसलेल्या शेठने रंग विचारला नाही, बजेट विचारलं नाही. विचारलं, "पन्ना कितीचा पायजे? अठ्ठेचाळीस का चोपन्न?" पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, इंचांत. नवऱ्याने लगेच फोनवर हिशेब मांडला. तो इंजिनियर आहे, अशा क्षणांसाठीच जगतो. खिडकी भिंतीला धरून अकरा फूट, म्हणजे एकशे बत्तीस इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट, दोनशे चौसष्ट इंच. अठ्ठेचाळीसच्या पन्न्यात साडेपाच पट्टे, आणि अर्धा पट्टा कोणी देत नाही, म्हणून सहा. एकेक पट्टा सहा फुटांचा, वर-खाली दुमडायला आणखी एक फूट. एकूण बेचाळीस फूट, तेरा मीटर. चोपन्नच्या पन्न्यात पाच पट्ट्यांत भागतं, अकरा मीटर. "आणि डिझाइन घेतली तर फुलावर फूल जुळवायला जास्ती लागेल," शेठ म्हणाला. आम्ही बिनफुलांचं घेतलं. सासूबाईंना फुलं हवी होती. "घर आहे का इस्पितळ?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मग दादर येईपर्यंत टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

तरी कापडाचं जुळलं, कारण कापड पाहिजे तसं वळतं. माणसं वळत नाहीत. घरात एकूण मागण्या अशा: नवऱ्याला ब्लॅकआउट हवा. मला झिरझिरीत हवा. सासूबाईंना झालर हवी, जुन्या मखमली झालरीसारखी, जिच्यात तीन पिढ्यांची धूळ जपून ठेवलेली होती. उजेड यावा पण ऊन येऊ नये, वारा यावा पण धूळ येऊ नये, आपल्याला रस्ता दिसावा पण रस्त्याला आपण दिसू नये, यावर मात्र तिघांचं एकमत होतं. हे सगळं करणारी वस्तू आमच्याकडे आधीच होती. त्या लाकडी झडपाच. पण जुलैत त्या फुगून बसतात. उघड्या असल्या तर मिटत नाहीत आणि मिटलेल्या असल्या तर गणपतीपर्यंत उघडत नाहीत.

ब्लॅकआउटच्या समर्थनार्थ नवऱ्याने सूर्यालाच साक्षीला बोलावलं. आमचा कोपरा वायव्येचा. डिसेंबरात मुंबईत सूर्य पश्चिमेच्या साधारण पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर भरदुपारीसुद्धा तो उत्तरेकडेच कललेला असतो. "म्हणजे मे महिन्यात संध्याकाळी तो नेमका आपल्या हॉलमध्ये येणार," असं म्हणून त्याने दिवाणावर पेन्सिलीने सूर्याच्या खुणा केल्या. सासूबाईंनी त्या ओल्या फडक्याने पुसल्या. "माझ्या लग्नापासून येतोय तो," त्या म्हणाल्या, "आजवर कोणी भाजलं नाही."

मग आले माप घेणारे. दुकानाने पाठवलेले भैया अनुभवी होते, म्हणजे माझं ऐकत नव्हते. त्यांनी खिडकीच्या एका टोकाला टेप धरला, दुसऱ्या टोकाला हेल्परला उभं केलं आणि मधल्या हवेतून सरळ रेषेत मोजलं. दहा फूट. मी म्हटलं, भिंतीला धरून मोजा, अकरा भरतात. "मॅडम, एक ही बात है, कपडा तो घूमता है." कापड घूमता है हे खरं, पण रॉड घूमता नही है. चार दिवसांत रॉड आला. छान वाकवलेला, पितळी बोंड लावलेला आणि बरोब्बर एक फूट आखूड. भैयांनी तो वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला आणि म्हणाले, "दीवार थोडी ज्यादा है."

दुसऱ्या रॉडच्या वेळी मी स्वतः सुतळी भिंतीला चिकटवून माप दिलं. तो बसला. पण अकरा फुटांच्या वळणदार रॉडला मध्ये दोन ब्रॅकेट लागतात, आणि आयलेटचा पडदा ब्रॅकेट ओलांडत नाही. कापडात ठोकलेली ती कडी रॉडभोवती पूर्ण बंद असते, ब्रॅकेटपाशी येऊन थांबते. त्यामुळे अकरा मीटर कापडाचे तीन संसार झाले: डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, मधले कायम मध्ये. यावर खरा उपाय म्हणजे वळणारा ट्रॅक, ज्याच्या खाचेत हुक सरकतात. तो ठोकायला वर ड्रिल मारलं तर आधी प्लास्टरचा बुक्का आला, मग वीट आली, मग खालच्या मजल्यावरचे काका आले. काकांनी काही न बोलता आपल्या टकलावरची पांढरी पूड दाखवली.

ब्लाइंड्स का नाही घेतले, असं हल्ली प्रत्येक पाहुणा विचारतो. रोलर ब्लाइंड हा सरळ माणूस आहे, वळणावर तो तुटून तीन होतो आणि दोन फटींतून ऊन आत येतं. आडव्या पट्ट्यांचे घ्यावेत, तर आमच्या चारी बाजूंना रीडेव्हलपमेंट चालू आहे. रोज सकाळी एकेक पट्टी पुसायची म्हणजे नोकरी सोडायची. बांबूची चिक सुंदर दिसते. पण मुंबईच्या पावसाळ्यात तिला बुरशी आली की घरात ओल्या गोणपाटाचा वास राहतो, आणि पाहुणे मग पडद्याचं सोडून भलतंच काहीतरी समजतात.

गोल खिडकीसाठी दुकानदाराकडे एकच सूचना होती. "ऊपर से चौकोनी लगा दो ना, गोल पता ही नहीं चलेगा." ज्याने कोणी नव्वद वर्षांपूर्वी कंपासने ते वर्तुळ काढलं असेल, त्याचा आत्मा कुठे असेल तिथे कळवळला असणार. शिवाय ती खिडकी मधोमध फिरते, पुढे काहीही टांगलं की तिचा अर्धा भाग त्यात अडकतो. मी काचेला दुधी फिल्म लावायच्या विचारात होते, तेवढ्यात सासूबाईंनी कपाटातून एक क्रोशाचा रुमाल काढला. पूर्वी आमच्या टीव्हीवर असायचा तो. टीव्ही बारीक झाले आणि त्याची नोकरी गेली. पांढरा, जाळीदार, पाकळ्यापाकळ्यांचा. त्यांनी तो काचेवर धरला. इंचाचाही फरक नाही. दोन बाजूंच्या चिकटपट्टीने काचेलाच चिकटवला, आता तो खिडकीबरोबर फिरतो. सगळ्या घरात मापात बसलेली ती एकमेव गोष्ट, आणि तिचं माप कोणी घेतलेलंच नव्हतं. सासूबाई तेव्हापासून पॅसेजमधून उगीचच जा-ये करतात.

बेडरूमच्या व्हेंटिलेटरचं असं, की सकाळी त्यातला लाल आणि हिरवा चौकोन नवऱ्याच्या डोळ्यांवर येतो. तिथे पोचायला शिडी लागते आणि शिडीला कॅमेऱ्यासारखे तीन पाय हवेत, कारण खाली कपाट आहे. त्याने विमानात मिळालेली डोळ्यांवरची पट्टी वापरायला सुरुवात केली. पन्ना आठ इंच, शिलाई शून्य.

हॉलचा पडदा अखेर लागला. ब्लॅकआउट आणि झिरझिरीत यांच्यात माझा विजय झाला, म्हणजे झिरझिरीत आला. त्याचा गुण असा की दिवसा बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही. रात्री दिवे लागले की बरोबर उलटं. पहिल्याच संध्याकाळी दिवे लावले, आम्ही वरणभाताला बसलो आणि समोरच्या काकूंनी त्यांच्या खिडकीतून हात हलवला. मग घाईने त्याच ट्रॅकशेजारी दुसरा ट्रॅक, त्यावर जाड पडदा, पुन्हा ड्रिल, पुन्हा खालचे काका. या वेळी ते टोपी घालून आले.

जाड पडद्याने ऊन थांबलं, धूळ थांबली, काकू थांबल्या आणि वाराही थांबला. मेच्या उकाड्यात सासूबाईंनी तासभर कळ काढली. मग उठल्या, दोन्ही पडदे मुठीत गोळा केले आणि वीतभर जाड अशी एक गाठ मारून टाकली. अख्ख्या मुंबईत वाऱ्यासाठी पडद्याला मारतात तशी. एवढ्या कापडाची गाठ बांधायला त्यांना गुडघ्याचा आधार घ्यावा लागला, पण बांधली.

"आई, अहो, नवीन आहेत!" मी म्हटलं.

"नवीन आहेत म्हणूनच नीट बसली गाठ," त्या म्हणाल्या. "जुन्यांच्या सुटायच्या."

समोरून काकूंचा आवाज आला, "बरं झालं बाई उघडलंत! आठवडाभर तुमचं भिंतीवरचं घड्याळच दिसत नव्हतं, ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा चुकत होत्या." मग जरा थांबून, कठड्यावर वाकून म्हणाल्या, "पाच मिनिटं मागे पडलंय हो ते. लावून घ्या."