टोटल आकड्यावर जाऊ नका
कोळंबीतल्या आर्सेनिकवरचा लेख वाचला. कोळंबीतलं टोटल (सगळे प्रकार मिळून) आर्सेनिक पिण्याच्या पाण्याच्या 10 मायक्रोग्रॅम प्रति लिटर मर्यादेशी लावून लेखात 'कित्येक पट विषारी' म्हटलंय, ते काही पटलं नाही. अहो, मासे-कोळंबीत बहुतेक आर्सेनोबेटेन, म्हणजे आर्सेनिकचं जवळजवळ निरुपद्रवी सेंद्रिय रूप असतं, ते दोन-तीन दिवसांत लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, खरा धोका इनऑरगॅनिकचा, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या आर्सेनिकचा. मी लॅबमध्ये आयसीपी-एमएसवरच (अणूंच्या वजनावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) असते, नुसतं अ‍ॅसिडमध्ये विरघळवून मोजलं की सगळे प्रकार एकाच आकड्यात येतात, त्यात सॅम्पल खारट असलं की यंत्रातल्या वायूचा आर्गॉन 40 अन् मिठातला क्लोरीन 35 मिळून 75, म्हणजे नेमकं आर्सेनिकचंच वजन! एकदा साध्या मिठाच्या पाण्यात 'आर्सेनिक' दिसलं तेव्हा मीपण दचकले होते.

हिजिकी या जपानी खाद्य समुद्री शेवाळात मात्र इनऑरगॅनिक खरंच भरपूर असतं, आणि नेमका त्याचाच लेखात उल्लेख नाही.