जबडा माझा, एक्स-रे माझा, आणि मलाच दाखवत नाहीत

"झोपेत दात खाते म्हणजे हिला जंत झालेत!" हे वाक्य आता कोणी माझ्यासमोर काढलं तर सरळ भांडण होणार आहे. चाळिशी उलटलेल्या बाईला वावडिंगाचा काढा पाजून जबड्याचं दुखणं थांबत नाही हो! सकाळी उठलं की कानाखालचा स्नायू दगडासारखा झालेला असतो. पोदेराचा कडक उंडो, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, चावताना डोळ्यांत पाणी येतं. जत्रेतलं खाजं तर मी सोडूनच दिलंय.

पण घरच्यांचं एक वेळ समजू शकते. चीड येते ती दाताच्या दवाखान्याची. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, ती ओपीजी, पैसे मोजून काढायला लावतात. चित्र स्क्रीनवर येतं न येतं तोच "दात झिजलेत, नाइट गार्ड घाला", म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं ते कव्हर, आणि पुढचा पेशंट आत! अरे, पण हाडाचं काय?

शेवटी ते चित्र मागून घेतलं आणि दाताचंच शिकणाऱ्या भाचीकडून समजून घेतलं. जबड्याच्या कोपऱ्याला, कानाच्या खाली, चावायचा मोठा स्नायू चिकटलेला असतो, मॅसेटर. तो वर्षानुवर्षं रात्री ओढत राहिला की तिथे हाड जास्तीचा थर चढवू शकतं, मग कड गुळगुळीत न राहता उंचसखल दिसते. भार पडेल तसं हाड बदलतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ सालीच मांडलंय! दाताच्या मुळाभोवती एक बारीक काळी रेघ असते, जेमतेम पाव मिलिमीटरची. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तिथे असतात. जास्त दाबाने ती रेघ रुंद होऊ शकते, बाहेरची पांढरी रेघ जाड होऊ शकते. काहींच्या तर कानापुढच्या सांध्याचा गोल माथा चपटा होतो. एवढं सगळं त्या चित्रात बघण्यासारखं असतं आणि मला ऐकायला मिळालं काय, तर "दात झिजलेत"!

नुसत्या एक्स-रेवरून कोणी आजही दात खातं का, हे ठरत नाही, खुणा जुन्याही असू शकतात. मान्य. मग विचारा ना! घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, कॉफी किती पिता? एक प्रश्न नाही. नाइट गार्ड दात वाचवतो, दात खाणं बंद करतोच असं नाही, हेही मला भाचीनेच सांगितलं. मग डॉक्टरांनी फी कशाची घेतली?

जुनी ओपीजी नव्या ओपीजीशेजारी ठेवून कोपरा बदललाय का ते बघा म्हटलं, तर "कशाला टेन्शन घेता, ताई?" जबडा माझा दुखतोय, डॉक्टर! दोन्ही चित्रं शेजारी लावा, बोट ठेवून दाखवा आणि मग काय ते बोला.