माल्कम पेठेत फोंडेकर

नाताळच्या सुट्टीत सारा देश गोव्यात उतरतो आणि कळंगुटच्या रस्त्यावर पायी चालणेही अवघड होते, म्हणून फोंड्यातील आमच्यासारखे काही शहाणे लोक त्याच दिवसांत घाट चढून महाबळेश्वर गाठतात. थंड हवा, दऱ्या आणि धुके या गोष्टी तेथे फुकट मिळतात. कष्ट सुरू होतात ते खरेदीपासून, कारण निघण्यापूर्वीच शेजारच्या काकी, दोन्हीकडच्या मावश्या आणि पत्नीच्या शाळेतील शिक्षिका यांनी आपापल्या याद्या सोपवलेल्या असतात आणि प्रत्येक यादीच्या शेवटी ‘चांगल्या दुकानातून घ्या’ अशी ताकीद असते.

आता चांगले दुकान म्हणजे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने इंग्रजी अमदानीत वसलेल्या महाबळेश्वरच्या या पेठेत बाजार म्हणून म्हणावा असा मुख्य रस्ता एकच, डॉ. साबणे रोड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जत्रेतील खाज्याच्या दुकानांप्रमाणे एकाला झाकावे आणि दुसरे काढावे अशी दुकाने. सगळीकडे तेच चणे, तीच चिक्की, तेच जॅम आणि सरबते, त्याच वेताच्या काठ्या, त्याच चामड्याच्या चपला. त्यामुळे ‘कोठे घ्यावे’ या प्रश्नावर आमच्या कुटुंबात जी चर्चा होते, ती विधानसभेच्या अधिवेशनाइतकी लांबते आणि तितकीच फलदायी ठरते.

त्यात चव देण्याची प्रथा. दुकानदार ‘साहेब, घ्यायचं नसलं तरी चालेल, चव तर बघा’ असे म्हणून तळहातावर चणे ठेवतो, आणि तळहातावर चणे पडल्यानंतर काहीही न घेता निघून जाण्याइतके निर्ढावलेपण मध्यमवर्गीय माणसाच्या अंगी नसते. खारे, लसणाचे, पुदिन्याचे असे चाखत रस्त्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत जेवणाची इच्छा संपलेली असते आणि हातातील पिशव्यांची संख्या वाढलेली असते. वास्तविक पणजीत काजूच्या दुकानांबाहेर पर्यटकांना असेच तळहात पुढे करताना पाहून आम्ही वर्षानुवर्षे मनातल्या मनात हसत आलो आहोत.

माझ्या पत्नीचा भरवसा घासाघिशीवर होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीवाल्या बायका तिला येताना पाहून टोपली झाकतात, अशी तिची ख्याती आहे. परंतु मासळीला संध्याकाळची भीती असते, चिक्कीला नसते. येथील विक्रेता ‘एकच भाव’ एवढेच म्हणतो आणि शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, कारण पुढचे गिऱ्हाईक त्याला नक्की दिसत असते.

यादीतील चपलांचा विषय तर अधिकच करुण आहे. फोंड्याहून महाबळेश्वरला येताना आम्ही कोल्हापूर आणि सातारा ओलांडून आलेलो असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याचे कंदी पेढे तर जगजाहीर. ही दोन्ही गावे मागे टाकून डोंगरमाथ्यावर कोल्हापुरी चपला आणि कंदी पेढे विकत घ्यायचे, वर त्यांच्यासोबत लोणावळ्याची म्हणून चिक्की घ्यायची, आणि हे सर्व ‘महाबळेश्वरहून आणले’ म्हणून वाटायचे! एका दुकानदाराने तर कमालच केली. आम्ही कोठले, हे न विचारता त्याने आमच्यापुढे काजूचे पाकीट धरले आणि ‘खास गोव्याचे’ असे सांगितले. पत्नीने पाकीट उलटसुलट पाहिले, भाव विचारला आणि नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

माझे मत विचाराल तर या गावात घ्यावे ते तेथे पिकणारेच, आणि तेही शक्यतो बाजाराबाहेर. स्ट्रॉबेरी घ्यायची तर पाचगणीच्या वाटेवर शेतांच्या कडेला, आणि परतीच्या दिवशी सकाळीच. मानकुराद आंबा आढीत घालून पिकवण्याची सवय असलेल्या आमच्या लोकांना हे पटत नाही की स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होत जाते, गोड होत नाही. म्हणजे शेतात आंबट असलेली फोंड्यातही आंबटच. खोक्याचा वरचा थर दर्शनी असतो, म्हणून खालचा थर उघडून दाखवायला सांगावे. ती दोन दिवस आधी घेतली, तर घाट उतरेपर्यंत खोक्यात फळाऐवजी सरबत होते. गाजरे, लाल मुळे आणि तुती यांचेही तसेच.

कृष्णेचे तीर्थ हवे, ही आईची मागणी त्या मानाने सोपी. क्षेत्र महाबळेश्वर हे जुने देवस्थान गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. तेथे पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी भरून घ्यावे. बाटली मात्र घरून न्यावी.

मध हा खरा कसोटीचा पदार्थ. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय याच गावात आहे, तेव्हा सरकारी विक्रीकेंद्र किंवा मधपाळांची सोसायटी शोधावी. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट, हिरड्याचा निराळा, आणि कारवीचा तर कारवी अनेक वर्षांनी एकदाच फुलते म्हणून दुर्मीळ. एवढा अभ्यास करून, एवढ्या पायऱ्या चढून मी काकींसाठी मध आणला, आणि थंडीत तो बाटलीत थिजून खाली कण धरू लागला. शुद्ध मधही असा थिजतो, बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. काकींनी सर्व ऐकून घेतले, बाटली उजेडात धरून तिच्या तळाकडे पाहिले आणि विचारले, “चांगल्या दुकानातून घेतला नव्हतास का रे?”