सूर्य मावळल्यावर काय?

‘सौरऊर्जा वाढली, आता कोयनेची गरज उरणार नाही’ हे मुंबईच्या विजेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. संध्याकाळी सातला मुंबईत घरोघरी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात, नेमकं तेव्हाच ऊन गेलेलं असतं. थंड पडलेला औष्णिक संच चालू करायला तासन्‌तास लागतात, जलविद्युत संच काही मिनिटांत वीज देतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, त्यातले १००० एकट्या चौथ्या टप्प्याचे, तेही डोंगराच्या पोटात. विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे, म्हणून ते जपून, मागणीच्या वेळीच वापरायचं असतं. सौरऊर्जा जितकी वाढेल, तितकी ही संध्याकाळची जोड जास्त लागेल.

आणि एक राहिलंच. माझ्या आजोबांचं गाव बामणोलीच्या बाजूला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. ते लालबागला गिरणीत होते. घरातला दिवा लावताना आजी म्हणायची, “ही आपल्या शेतावरची वीज.” उजळलेल्या मुंबईवर तुम्ही इतकं लिहिलंत, पण त्या खोऱ्यातून उठलेल्या माणसांबद्दल एक ओळही नाही. पुनर्वसनाचे कागद घेऊन त्यांची नातवंडं आजही कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. त्यांच्यावर लिहा.