आर्ग्युमेंट 'एका ओळीत' संपत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

संमिश्र संख्या म्हणजे एक्स + वाय आय : एक्स वास्तव भाग, वाय काल्पनिक भाग, आय म्हणजे √−१. ती आलेखावर (एक्स, वाय) हा बिंदू म्हणून काढायची. आरंभबिंदूपासून त्या बिंदूकडे जाणारी रेषा धन एक्स-अक्षाशी जो कोन करते, ते तिचं आर्ग्युमेंट. दोन अक्षांमुळे आलेखाचे जे चार भाग पडतात ते चरण, आणि टॅनच्या किमतीवरून कोन काढणं म्हणजे टॅन इन्व्हर्स. या संख्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'आर्ग्युमेंट म्हणजे वाय भागिले एक्सचा टॅन इन्व्हर्स. एका ओळीचं काम. चरणांचं पुराण लावून मुलांना घाबरवायचं आणि क्लासला ओढायचं, हा मुंबईतला जुना धंदा. आकृती वाचता येत नाही. शून्याचा परिच्छेद तर कशाला हवा होता?'

आकृतीतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी करून लावतो. पण 'धंदा'? लेख फुकट आहे, त्यात कुठल्याही क्लासचं नाव नाही. दादर-परळकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांना हाच भाग वर्षानुवर्षं शिकवत आलोय. ती कुठे अडतात हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. गणितात चूक असेल तर दाखवा, हेतूवर कशाला घसरता?

आता तुमची ती एक ओळ. −१ + √३ आय घ्या. वाय भागिले एक्स म्हणजे −√३, टॅन इन्व्हर्स −६०°. म्हणजे बिंदू चौथ्या चरणात? नाही. वास्तव भाग ऋण, काल्पनिक भाग धन, म्हणजे बिंदू दुसऱ्या चरणात, आर्ग्युमेंट १२०°. −६०° हे उत्तर १ − √३ आय या संख्येचं आहे. आरंभबिंदूच्या दोन विरुद्ध बाजूंच्या संख्यांना तुमचं सूत्र एकच कोन देतं. भागाकार केला की कुठलं चिन्ह कोणाचं ते कळत नाही आणि टॅनची किंमत दर १८०° नंतर पुन्हा तीच येते. टॅन इन्व्हर्सचं उत्तर −९०° आणि ९०° यांच्यामधलंच असतं, त्यामुळे वाय-अक्षाच्या डावीकडची प्रत्येक संख्या चुकते. −१ − आय साठी ४५° येतं, खरं मुख्य आर्ग्युमेंट (म्हणजे ३६०° च्या फरकाने येणाऱ्या अनेक कोनांपैकी ठरलेल्या मर्यादेतला एक) −१३५°. आणि ३ आय? एक्स शून्य, भागाकारच अडतो. कोन मात्र सरळ ९०° आहे.

म्हणून आधी चरण पाहायचा. मग चिन्हं बाजूला ठेवून त्याच टॅन इन्व्हर्सने लघुकोन काढायचा, त्याला अल्फा म्हणू. पहिल्या चरणात अल्फा, दुसऱ्यात १८०° − अल्फा, तिसऱ्यात अल्फा − १८०°, चौथ्यात −अल्फा. अक्षांवरच्या संख्यांना सूत्र लावायचंच नाही, कोन आकृतीवरून घ्यायचा. एवढ्याला तुम्ही पुराण म्हणता!

चरण चुकला की पुढचंही चुकतं. वर्ग केला की आर्ग्युमेंट दुप्पट होतं, घन केला की तिप्पट. −१ + √३ आय चा वर्ग करा : −२ − २√३ आय, तिसरा चरण. तुमच्या −६०° ची दुप्पट −१२०°, उत्तर योगायोगाने जुळलं. घन करून पाहा. तुमचं −१८०°, माझं ३६०°, म्हणजे ०°. आणि घन येतो ८, धन वास्तव संख्या. मर्यादेचंही तसंच. १२०° ची दुप्पट २४०°. मुख्य आर्ग्युमेंट −१८०° च्या पुढे आणि १८०° पर्यंत धरलं असेल तर ३६०° वजा करावे लागतात. काही पुस्तकं ०° पासून ३६०° च्या आतली मर्यादा धरतात, तिथे २४०° हेच बरोबर. सोडवण्याआधी कोणती मर्यादा आहे ते वाचायलाच हवं.

राहिलं शून्य. त्याला दिशा नाही, म्हणून आर्ग्युमेंट नाही. तो परिच्छेद तसाच राहील.