कागद कुणी ठेवायचे? ('गोदाकाठ' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

'गोदाकाठ' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वाचकांनी माझ्या गेल्या लेखाखाली भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. माजी सैनिक गेल्यावर त्यांच्या बायकांना फॅमिली पेन्शन सुरू करून घेताना काय काय सोसावं लागतं, असा त्या लेखाचा विषय होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी सैनिकांच्या नावाने 'अश्रूंचा धंदा' मांडला आहे. सैनिकांना कॅन्टीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), नोकरीत राखीव जागा, सगळं मिळतं. संरक्षण पेन्शनचा खर्च दीड लाख कोटींच्या वर गेला आहे. अपंगत्वाच्या पेन्शनचा सर्रास गैरफायदा घेतला जातो. २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाच्या हातात काय पडतं ते कुणी विचारत नाही. आणि शेवटी हे वाक्य: "या बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी कागद नीट ठेवले असते तर ही वेळच आली नसती, ताई."

आधी त्या 'ताई'बद्दल. एखाद्या बाईला धंदेवाईक म्हणायचं आणि शेवटी ताई म्हणून हात झटकायचे, ही रीत मला नवी नाही. सरकारी खिडकीपलीकडून ती पुष्कळदा ऐकली आहे. मला नावाने हाक मारली असती तरी चाललं असतं, लेखाखाली माझं नाव आहे. तुमचं नाही. आणि धंदा म्हणालात म्हणून सांगते, या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. ज्यांचे अर्ज मी भरून देते त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही. शेवग्याच्या शेंगा कुणी आणून दिल्या तर घेते. तेवढा धंदा कबूल.

मतभेद मला चालतात. माझा सख्खा भाऊ माझ्या निम्म्या लेखांशी सहमत नसतो. पण तो "रडगाणं" म्हणत नाही. तुम्ही दोनदा म्हणालात.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. हल्ली जे निवृत्त होतात त्यांची पेन्शन बहुधा वेळेत सुरू होते, 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घरबसल्या दिसतो, आणि हे लेखात एका ओळीत यायला हरकत नव्हती. झालं? आता कागदांकडे येते.

कागद नीट ठेवायचे म्हणजे कुणी लिहिलेले कागद, साहेब? निफाडचा किंवा सिन्नरचा एक पोरगा भरती होतो. त्याचा शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा मुख्य कागद, कारकून भरतो, तोही इंग्रजीत. त्या काळी जन्मतारीख म्हणजे 'मोठ्या दुष्काळानंतरच्या पोळ्याला' एवढीच माहीत असायची. कारकुनाने एक तारीख टाकली, ती जन्मभर चिकटली. 'ज्ञानेश्वर' हे नाव तीन कारकुनांकडून इंग्रजीत लिहून घ्या, तीन तऱ्हा मिळतील. लग्न झालं की जवानाने युनिटला कळवायचं, मग त्याची पार्ट टू ऑर्डर (युनिटची अधिकृत नोंद) निघायची, ती जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जायची आणि तिथे बायकोचं नाव चढायचं. त्या नोंदीत काय उमटलं ते बायकोला कोण दाखवणार? ती गावी सासूच्या हाताखाली. जुन्या पीपीओंवर तर पुष्कळदा बायकोचं नावच नसे.

त्यात आपली रीत. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि माहेरची हौसा सासरी सुमन व्हायची. शाळेचा दाखला असलाच तर माहेरच्या नावाचा. रेशनकार्डावर सासरचं. युनिटच्या कागदावर फॉर्म भरताना नवऱ्याच्या तोंडून जे निघालं ते. आधारवर ऑपरेटरने टाइप केलं ते. हे सगळे शिक्क्याचे कागद. हौसा आणि सुमन एकच बाई आहे हे सिद्ध करायची वेळ मात्र तिच्यावर, आणि तीही नवरा गेल्यावर, जेव्हा शपथेवर सांगणारा मुख्य माणूसच उरलेला नसतो.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझे वडील, अण्णा, पायदळात हवालदार होते. १९७१ ला आघाडीवर होते. पेन्शन घेऊन नाशिकरोडला आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. त्यांच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर होता, तो मला आजही पाठ आहे. त्या पेटीत डिस्चार्ज बुक मेणकापडात गुंडाळलेलं असायचं. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्र म्हणून त्याच बुकाची पूजा व्हायची, हळदकुंकू लागून त्याचं मुखपृष्ठ लालपिवळं झालं होतं. पीपीओच्या झेरॉक्स त्यांनी भावाकडे, माझ्याकडे आणि आत्याकडे ठेवल्या होत्या. कागद नीट ठेवण्याबद्दल तुम्ही अण्णांना शिकवणार?

ते गेल्यावर आई बँकेत गेली. बँकेचं नाव लिहीत नाही, तिथला शाखाधिकारी बदलून गेला आणि बहुधा निवृत्तही झाला. रेकॉर्डला आईचं नाव माहेरचं, आधारला सासरचं. तिथून सुरू झालं. नोटरीचं शपथपत्र. ते चालत नाही, गॅझेटमध्ये नावबदल द्या. गॅझेट चालत नाही, कारण त्यावरची तारीख लग्नानंतर चाळीस-पन्नास वर्षांची. ग्रामसेवकाचा दाखला आणा. ग्रामसेवक नवा, तो म्हणे तलाठ्याचा आणा. लग्नाचा पुरावा आणा, तर १९६० च्या दशकातल्या खेड्यातल्या लग्नाची नोंद कुठे असणार, पत्रिकासुद्धा पिवळं पोस्टकार्ड होती. एका कार्यालयात (तेही नाव सोडते) समोरच्या माणसाने फाइल उलटीपालटी केली आणि माझ्या देखत आईला विचारलं, "आजी, बाबांची दोन लग्नं झाली होती का?"

आई म्हणाली, "झाली असती तर दुसरी रांगेत आली नसती का?"

तो हसला. मी नाही हसले. पेन्शन शेवटी सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली, पण मधला काळ आईने भावाच्या पगारावर काढला आणि त्याची तिला लाज वाटत राहिली. तुम्ही "ही वेळच आली नसती" असं लिहिता तेव्हा ही वेळ कशी असते ते तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच म्हणते. गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून ते दिसणारही नाही. (तुम्ही गंगापूर रोडला राहता की नाही मला माहीत नाही. वाक्य खोडणार होते, राहू दे.)

आता दुसरी बाजू बघा. सरकार स्वतः कागद किती ठेवतं? शिपायाला सर्व्हिस पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं लागतात. पूर्वी भरतीचा करारच 'कलर सर्व्हिस' आणि 'रिझर्व्ह सर्व्हिस' असा दोन भागांत असायचा. थोडी वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, मग उरलेली घरी राहून, बोलावलं की हजर. दोन्ही मिळून पंधरा भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन, कमी असली तरी पेन्शनच. नाशिक जिल्ह्यात १९६२ आणि १९६५ च्या वेळी भरती होऊन मधेच घरी पाठवलेले असे कितीतरी म्हातारे होते. आता त्यांच्या बायका उरल्या आहेत. एक आजी सिन्नरच्या बाजूच्या. त्यांना इतकंच कळून घ्यायचं होतं की आपला नवरा रिझर्व्हला गेला होता की नाव पूर्ण कापून घरी आला होता. सगळी केस त्या एका नोंदीवर. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रं २५ वर्षं जपतात, मुदत संपल्यामुळे ती नष्ट केली आहेत.

हे एखाद्या कारकुनाने मनाने केलेलं नाही, नियमच तसा आहे. ट्रिब्युनलमध्ये आणि कोर्टात सरकारी वकील तो दरवेळी पुढे करतात. म्हणजे ज्याच्याकडे इमारती, कपाटं, शिपाई आणि आता सर्व्हर आहेत त्याने २५ वर्षांनी कागद जाळायचा, आणि जिच्या घराचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं तिने पन्नास वर्षं जपायचा. सांगा, कुणी नीट ठेवला नाही?

कागद चोख असले म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. एप्रिल २०२२ ची पेन्शन आठवा. हयातीच्या दाखल्याची नोंद बँकांकडून वेळेत पक्की झाली नाही म्हणून ५८ हजारांहून जास्त संरक्षण पेन्शनरांच्या खात्यात महिनाअखेरीला पैसेच पडले नाहीत. बोंबाबोंब झाली तेव्हा संरक्षण मंत्रालयाने एकदाची सवलत म्हणून ४ मे रोजी ते जमा केले. त्या ५८ हजारांत किती जणांनी दाखला दिला नव्हता आणि किती जणांचा दिलेला दाखला कुठेतरी अडकला होता, हे तुम्ही इथे बसून सांगू शकता का? मग "कागद नीट ठेवले असते तर" हे वाक्य इतक्या खात्रीने कसं लिहिता?

उशिराचा भुर्दंडही तिलाच. लष्करी न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ आहे, नाशिकच्या लोकांना पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस धरून जावं लागतं. वीस वर्षांनी दाद मागितली आणि जिंकली, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. उरलेली सतरा वर्षं बुडाली.

बाकी मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

खर्चाचा आकडा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनला १,६०,७९५ कोटी होते, बरोबर. त्यात संरक्षण खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांची पेन्शनही येते, हे तुम्ही लिहिलं नाही. आणि शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, साठाव्या वर्षी नाही. त्याला सरकारच लवकर घरी पाठवतं, कारण सरकारला तरुण फौज हवी असते.

अपंगत्वाची पेन्शन. गैरफायदा घेणारे असतील, आहेतही. पण कॅगने (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) जे आकडे दिले त्यांत अधिकाऱ्यांमधलं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त होतं. मग राग शिपायाच्या बायकोवर का काढता? सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल वाचा. भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेल्या माणसाला नोकरीत फिट येऊ लागल्या, आणि त्याला सांगितलं की हा आजार सेवेमुळे नाही. कोर्टाने म्हटलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतलाच मानायचा, उलट सिद्ध करायचं ओझं सरकारवर. त्यानंतरही सरकार अशा निकालांविरुद्ध अपिलात जातच राहिलं.

कॅन्टीनचं तेल-साबण आणि ईसीएचएस यावर काय बोलू? ईसीएचएस २००३ साली सुरू झाली आणि निवृत्त होताना त्याची वर्गणी कापून घेतात. फुकट नाही.

शिक्षकांचं. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही स्वतः शिक्षक असाल असं वाटतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा माझा पाठिंबाच होता. पण तुमची पेन्शन गेली म्हणून सुमनबाईंची अडली तर बरं झालं, हे कोणतं गणित? हा वेगळा विषय आहे, वेगळा लेख होईल. इथे नको.

आणि सैनिकांची पेन्शन तुम्हाला एवढी जड वाटत असेल तर आनंदाची बातमी आहेच. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीराला चार वर्षांनी पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच, आपल्या देवळालीच्या फायरिंग रेंजवर, सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. अशा वेळी योजनेनुसार ४८ लाखांचा विमा, सेवेमुळे मृत्यू असेल तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, शिवाय सेवानिधी (सेवेच्या काळात साठणारी रक्कम) आणि उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण दर महिन्याची फॅमिली पेन्शन नाही. त्या आईबापांना कागद जपायची गरजही उरली नाही. तुमच्या तक्रारीचं एवढं तरी निवारण झालं.

तुम्ही उत्तर द्याल याची खात्री आहे. द्या. नाव टाकून दिलंत तर आवडेल. 'धंदा' आणि 'रडगाणं' हे शब्द त्यात असतील तर प्रसिद्ध करणार नाही. ते नसतील तर मुद्दे कितीही कडक असोत, करीन.

बाकी वाचकांसाठी: पेन्शनर हयात असतानाच पीपीओ काढून बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. फरक असेल तर त्यांच्या सहीनेच रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज द्या, सुधारित पीपीओ मागून घ्या आणि अर्जाची पोच सोडू नका. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे मला चांगली माणसं भेटली आहेत. आणि 'गोदाकाठ', "मी तेच तर म्हणत होतो" असं खाली लिहू नका. तुम्ही तेच म्हणत नव्हतात.